सेना, नौदल की वायुदल?

प्रश्न : मुलगी नीटची तयारी करते आहे. पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सरकारी खर्चाने एमबीबीएस करायचं म्हणते. अर्जातच नौदल निवडावं लागतं का? – एक पालक, मुलुंड

उत्तर : नाही, दल एमबीबीएस पूर्ण झाल्यावर, अधिकारी म्हणून नेमणूक होताना ठरतं. पसंती विचारतात, पण गुणवत्ताक्रम आणि रिक्त जागाही पाहतात. म्हणून फक्त नौदलासाठी येऊ नका. सर्वाधिक जागा सेनेतच असतात. सेनेत कॅप्टन, नौदलात सर्जन लेफ्टनंट, वायुदलात फ्लाइट लेफ्टनंट, दर्जा एकच. फरक कामाच्या जागेचा : सेनेत सीमेवरची युनिट्स, नौदलात जहाजं आणि किनाऱ्यावरची रुग्णालयं (कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी त्यातलंच), वायुदलात हवाई तळ. पुढे सागरी वैद्यक शिकायचं असेल तर नौदल, एरोस्पेस मेडिसिनसाठी (हवाई-अवकाश वैद्यक) वायुदल सोयीचं.

आत्ता जपायचं ते वेगळंच. एमसीसीच्या (वैद्यकीय प्रवेशांची केंद्रीय समुपदेशन समिती) संकेतस्थळावर नोंदणी करून पहिल्याच फेरीत एएफएमसीचा पर्याय भरा. तो राहिला, तर उत्तम गुण असूनही बोलावणं येत नाही. नंतर इंग्रजी व तर्कशक्तीची चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी असते. मुलींसाठी जागा मोजक्याच, 30. डोळे आत्ताच तपासून घ्या. आणि बाँड (सेवेचा करार) मुलीने स्वतः वाचावा : शॉर्ट सर्व्हिस (कायमऐवजी मर्यादित काळाची नेमणूक) मिळाली तरी 7 वर्षं सेवा द्यावीच लागते.