वाचकांचे प्रश्न : एडिंबरा येथील ग्लॅडस्टोन्स लँड

प्रश्न : एडिंबराच्या जुन्या शहरात, लॉनमार्केट भागात, ग्लॅडस्टोन्स लँड ही सहा मजली दगडी वास्तू पाहण्यात आली. सतराव्या शतकातील घर इतके उंच आणि अरुंद का बांधले असावे? मालकाची ऐपत बेताची होती का?

उत्तर : ऐपतीचा प्रश्न नव्हता, अडचण होती ती जागेची. जुने एडिंबरा एका लांबट टेकडीच्या कण्यावर वसलेले आहे. पश्चिमेच्या टोकाला कातळावरचा किल्ला, पूर्वेला होलीरूडचा राजवाडा आणि या दोहोंना जोडणारा, आज रॉयल माइल म्हणून ओळखला जाणारा रस्ता, अशी त्याची रचना. टेकडीच्या दोन्ही बाजूंना तीव्र उतार होता, उत्तरेस नॉर लॉक हे तळे होते आणि १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत इंग्लंडकडून स्कॉटलंडचा पराभव झाल्यानंतर दक्षिणेकडे नवी तटबंदी उभी राहिली. रस्त्यालगतच्या जमिनीचे तुकडे मुळातच चिंचोळे होते; त्यामुळे वस्ती वाढली तशी घरे वर चढत गेली, आणि जमेल तेथे पुढे रस्त्याकडेही सरकली.

थॉमस ग्लेडस्टेन्स हा व्यापारी आणि त्याची पत्नी बेसी कनिंगहॅम यांनी १६१७ मध्ये ही मालमत्ता विकत घेतली, तेव्हा तेथे सोळाव्या शतकातील घर आधीपासून उभे होते. ते न पाडता त्यांनी त्याच्यासमोर नवा दगडी दर्शनी भाग बांधला आणि तळमजल्याला दोन कमानी दिल्या. साहजिकच जुन्या घराची दर्शनी भिंत वास्तूच्या पोटात गेली. कमानींच्या आत दुकाने आणि वर राहण्याचे मजले. एके काळी या रस्त्यावर अशा कमानदार ओवऱ्या अनेक ठिकाणी होत्या; आज त्यांचा हाच नमुना टिकून आहे.

संपूर्ण इमारत ग्लेडस्टेन्स कुटुंबाने स्वतःसाठी ठेवली नाही, काही मजले भाड्याने दिले. १६३० च्या दशकातील भाडेकरूंमध्ये एक धर्मोपदेशक, एक व्यापारी आणि एक उमराव होता. वेगवेगळ्या थरांतील माणसांना एकाच जिन्याने ये-जा करावी लागे. प्रतिष्ठा मजल्यावरून ठरे : रस्त्याच्या घाणीपासून दूर, पण फार पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत, असे मधले मजले सधनांचे, तर माळ्याजवळच्या खोल्या गरिबांच्या. या घराचे खरे वैशिष्ट्य मला त्याच्या उंचीपेक्षा या शेजारात दिसते.

प्रश्न : आतील लाकडी छतावर फुले आणि फळे रंगवलेली आहेत. हे काम मूळचे आहे की पुढे कोणी करवून घेतले?

उत्तर : काही ठिकाणी डागडुजी झालेली असली तरी काम मूळचे, १६२० च्या सुमाराचे आहे. ज्याला आपण छत म्हणतो, ते वस्तुतः तुळया आणि वरच्या मजल्याच्या जमिनीच्या फळ्या आहेत. खालून दिसणारे लाकूडच रंगवून काढलेले आहे. खडूची पूड, रंगद्रव्य आणि जनावरांच्या कातड्यापासून काढलेला सरस असे हे मिश्रण असे. स्कॉटलंडमध्ये अशा छतांची चाल सोळाव्या शतकाच्या मध्यापासून साधारण शंभर वर्षे होती. सरसाचे रंग ओलाव्याने सुटतात, घासले तर पुसले जातात. मग ते टिकले कसे? आवडनिवड बदलल्यावर पुढच्या रहिवाशांनी उघड्या तुळयांखाली गिलाव्याचे सपाट छत करून घेतले. चित्रे नजरेआड झाली, पण शेगड्यांच्या काजळीपासून आणि साफसफाईच्या हातांपासूनही वाचली. छत झाकणाऱ्यांना जतन करण्याची कल्पना शिवलीही नसेल. तरी चित्रे राहिली ती त्यांच्यामुळेच.

प्रश्न : मग ही वास्तू दुर्लक्षित कशी झाली, आणि आज जे दिसते त्यातील जुने किती?

उत्तर : १७६७ मध्ये जेम्स क्रेग याचा नव्या शहराचा आराखडा स्वीकारला गेला आणि पुढील काही दशकांत सधन कुटुंबे तळ्यापलीकडच्या सरळ, रुंद रस्त्यांवर राहावयास गेली. जुन्या शहरात गर्दी वाढली, देखभाल संपली. १९३४ मध्ये ही इमारत पाडली जाणार अशी स्थिती होती. ती टळली आणि इमारत नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जतन करणाऱ्या संस्थेकडे आली. ही संस्था तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. वास्तुविशारद फ्रँक मियर्स यांच्या देखरेखीखालील कामात नंतरच्या दुकानांमागे दडलेल्या कमानी आणि गिलाव्याआडची छते उघड झाली.

कमानी, दगडी भिंती आणि छतावरील चित्रे जुनी आहेत. खिडक्यांचा वरचा भाग शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचांचा आणि खालचा लाकडी झडपांचा आहे, ही रचना मात्र सतराव्या शतकाच्या पद्धतीने पुन्हा केलेली आहे. एकच शतक निवडून बाकीची पुसण्याच्या जीर्णोद्धाराविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. त्यामुळे २०२१ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या भाड्याच्या खोल्यांनाही मांडणीत स्थान मिळाले, हे मला योग्य वाटते.