युक्लिड वाचायला घेताना

प्राचीन ग्रीक गणितज्ञ युक्लिडचा ‘एलिमेंट्स’ हा भूमितीचा ग्रंथ प्रथमच वाचणार असाल, तर पहिल्या खंडातील 23 व्याख्यांवर अडून बसू नका. ‘ज्याला भाग नाही तो बिंदू’ ही व्याख्या सिद्धतांमध्ये वापरलीच जात नाही, खरा भार पाच गृहीतकांवर आहे. पट्टी आणि कंपास घेऊन पहिले प्रमेय स्वतः काढा: एक रेषाखंड घ्या, तेवढ्याच त्रिज्येची दोन वर्तुळे त्याच्या दोन्ही टोकांभोवती काढा, ती जिथे छेदतात तो समभुज त्रिकोणाचा तिसरा शिरोबिंदू. मात्र ती वर्तुळे छेदतातच, हे कोणत्या गृहीतकावरून ठरले? एकाही नाही, आकृतीत दिसते म्हणून आपण ते धरून चालतो (पहिल्या वाचनात मीही मुकाट्याने धरले होते). 1899 साली जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्टने भूमितीची गृहीतके नव्याने मांडली, ती अशाच फटी बुजवण्यासाठी.

पाचव्या, म्हणजे दोन रेषा वाढवल्यावर केव्हा मिळतात हे सांगणाऱ्या, गृहीतकाची चर्चा मात्र लगेच उघडू नका. युक्लिड स्वतः पहिली 28 प्रमेये त्याच्याविना सिद्ध करतो आणि समांतर रेषांच्या 29व्या प्रमेयात ते प्रथम वापरतो; हा संयम मला त्या ग्रंथातील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. तोवर प्रत्येक पायरीशेजारी, ती कोणत्या गृहीतकावर उभी आहे, ते पेन्सिलीने लिहीत जा.