स्नोफ्लेक : टोमणा, तक्ता आणि कागदाची नक्षी

प्रश्न : ब्रिटनमधल्या एका लेखात तरुणांना ‘स्नोफ्लेक’ म्हटलं आहे. भाषांतरात ‘हिमकण’ लिहू का?

उत्तर : नको, वाचकाला काहीच कळणार नाही. तिथे तो टोमणा आहे : स्वतःला जगावेगळा समजणारा आणि जरा कुणी बोललं की दुखावणारा. ‘कॉलिन्स’ शब्दकोशाने २०१६ च्या निवडक शब्दांत ‘स्नोफ्लेक जनरेशन’ घेतला होता. ‘हळवा’ लिहिलंत तर बोच जाते. हळवेपणा आपल्याकडे दोष मानत नाहीत. ‘तोळामासा मनाची पिढी’ जवळ जातं. डेटाबेसविषयीच्या मजकुरात मात्र ‘स्नोफ्लेक स्कीमा’ (माहितीच्या तक्त्यांची एक मांडणी) तसाच ठेवा. मधल्या मुख्य तक्त्याला जोडलेल्या तक्त्यांनाही पुढे फाटे फुटतात, म्हणून आकारावरून ते नाव पडलं.

प्रश्न : शाळेच्या सजावटीसाठी कागदी हिमफुलं कापली. आठ पाकळ्या आल्या. चालतील का?

उत्तर : दिसायला छान, पण हिमफूल म्हणून चूकच. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, म्हणून फाटे सहाच. तेही नेहमी फुटत नाहीत : उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास नक्षीदार चांदणी होते, तर उणे ५ च्या आसपास नुसत्या सुया आणि खांब. (गारांचं प्रकरण निराळं. त्या वादळी ढगात गोठलेल्या थेंबांवर थर चढून होतात. त्यांची नक्षी शोधू नका.)

तुम्ही चौकोन अर्ध्यात दुमडत गेलात. शेवटी कोन साडेबावीस अंशांचा झाला, तिथेच आठ आले. आता असं करा. पतंगाचा कागद घ्या, २० सेंटिमीटरचा चौकोन. कर्णावर दुमडून त्रिकोण करा. लांब बाजूचा मध्य हे फुलाचं केंद्र. तिथून उजवी आणि डावी बाजू एकमेकींवर अशा आणा, की तिन्ही भाग ६० अंशांचे होतील. कडा नेमक्या जुळेपर्यंत घडी दाबू नका. इथे घाई केली की एक पाकळी जाड, एक बारीक होते. मग पुन्हा मधोमध दुमडा. बारा पदरी, ३० अंशांची पाचर मिळेल. वरची टोकं तिरकी छाटा आणि दोन्ही कडांना खाचा घ्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग कात्री गेली, तर फुलाचे दोन तुकडे हातात येतील. कार्डशीटचे बारा पदर कात्रीला झेपत नाहीत. आतले पदर सरकतात आणि नक्षी वाकडी येते. उलगडताना केंद्राकडून सुरुवात करू नका, टोकं फाटतात. आधी शेवटची घडी सोडा.