पोट भरलेलं दिसतं, तरी पिल्लं का मरतात?

प्रश्न: मी हॅचरीत जिताडा (एशियन सीबास) माशाची पिल्लं वाढवतो. रोटिफर, म्हणजे पिल्लांचा पहिला चारा असलेले सूक्ष्म जीव, वाढवायचा खटाटोप वाचावा म्हणून एका टाकीत तोंड उघडल्यापासूनच बारीक पावडर फीड दिलं. मायक्रोस्कोपखाली पोटं भरलेली दिसत होती, तरी पिल्लं पटापट मेली. एकजण म्हणतो पिल्लांकडे स्वतःचे एन्झाइमच (अन्न तोडून पचवणारे घटक) नसतात, ती रोटिफरमधल्या एन्झाइमवर पचवतात, म्हणून फीडमध्ये एन्झाइम पावडर टाक. टाकू का?

उत्तर: नका टाकू, निदान एवढ्या भरवशावर तरी नको. पिल्लांकडे एन्झाइम नसतात हा समज जुना आहे आणि अजून जात नाहीये. तोंड उघडतं तेव्हाच स्वादुपिंडात प्रथिनं तोडणारे ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, स्टार्च तोडणारं अमायलेज, चरबी तोडणारं लायपेज हे एन्झाइम तयार असतात, पहिला घास पोटात जायच्या आधीच, कारण ते जनुकांतच ठरलेलं असतं. रोटिफर आणि आर्टेमिया (रोटिफरनंतर देतात ते थोडे मोठे जिवंत खाद्य) यांच्यासोबत जे एन्झाइम पोटात जातात ते मोजून बघितले गेलेत, आणि पिल्लाच्या स्वतःच्या एन्झाइमपुढे त्यांचा वाटा अगदीच किरकोळ निघाला.

मग अडतं कुठे? जठर नसतं हो! अंड्यातून निघालेल्या जिताड्याचं आतडं म्हणजे नुसती सरळ नळी, तिच्यात आम्ल नाही, पेप्सिन (जठरात प्रथिनं तोडणारं एन्झाइम) नाही, सगळं काम ट्रिप्सिनवर आणि तेही अल्कधर्मी वातावरणात. पेप्सिनला आम्ल लागतं, आणि आम्ल-पेप्सिन दोन्ही बनवणाऱ्या जठरग्रंथी जिताड्यात २८ अंशांच्या आसपासच्या पाण्यात दोन आठवडे उलटल्यावर कुठे दिसायला लागतात. तोवर बरीचशी प्रथिनं अर्धवट तुटलेलीच पुढे जातात, आतड्याच्या मागच्या भागातल्या पेशी ती तशीच आत ओढून घेतात आणि मग पेशीच्या आत पचवतात. ही सोय खरंच कमाल आहे, पण ती हळू चालते आणि तिची झेप थोडी.

आता रोटिफर बघा, त्यात बहुतांश पाणीच, आणि प्रथिनांतला बराच भाग पाण्यात विरघळणारा, शिवाय सुटी अमिनो आम्लं तयारच, म्हणजे तोडायचं काम कमी. फिशमीलची, म्हणजे सुकवून दळलेल्या माशांची, कोरडी पावडर याच्या अगदी उलट. म्हणून तुमच्या पिल्लांची पोटं भरलेली दिसली तरी अंगी लागलं नसणार. पावडर पाण्यात विरघळून टाकी खराब होते तो भाग वेगळाच, तोही तपासा.

आतड्याच्या आतल्या बाजूचं अस्तरही एकदम तयार होत नाही. सुरुवातीला पेशींच्या आतले पेप्टिडेज (प्रथिनांचे तुकडे आणखी तोडणारे एन्झाइम) जास्त काम करतात, नंतर अमिनोपेप्टिडेज, अल्कलाइन फॉस्फटेज यांसारखे अस्तरावरचे एन्झाइम वाढतात. युरोपियन सीबास या समुद्री माशामध्ये हा बदल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसतो, आणि चुकीच्या फीडने तो लांबतो. याच काळात अमायलेज कमी होत जातं, ते नैसर्गिक आहे, तो आजार समजू नका.

एन्झाइम मिसळून फायदा झाल्याचीही उदाहरणं आहेत, म्हणजे गिल्टहेड सीब्रीम या समुद्री माशाच्या पिल्लांत झाला, पण युरोपियन सीबासमध्ये नाही. त्यापेक्षा फिशमीलचा थोडा भाग काढून हायड्रोलायसेट, म्हणजे आधीच तुकडे केलेली प्रथिनं, आणि फॉस्फोलिपिड (एक प्रकारचा स्निग्ध घटक) असलेलं फीड निवडा. हायड्रोलायसेटचाही अतिरेक नको, प्रमाण फार वाढलं की वाढ उलट खुंटते.

रोटिफरला मात्र सुट्टी देऊ नका, मग आर्टेमिया, आणि जठर तयार व्हायला लागलं की आर्टेमियासोबतच फीड सुरू करून आर्टेमिया हळूहळू कमी करा. फीड एका झटक्यात बदलू नका, आणि दिवस मोजण्यापेक्षा पिल्लाची लांबी बघून ठरवा, कारण थंड पाण्यात सगळंच मागे पडतं.

प्रश्न: मग रोहू-कटल्याची जिरं, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, लवकर कोरडं फीड कशी घेतात? त्यांचं जठर लवकर तयार होतं का?

उत्तर: त्यांना जठर कधीच येत नाही, मोठेपणीही नाही! रोहू-कटल्यासारख्या कार्प जातीच्या माशांत पेप्सिन नसतंच, आयुष्यभर ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन आणि वाढीबरोबर लांब होत जाणारं आतडं यावरच भागतं. त्यामुळे त्यांच्यात जठराची वाट बघायचा प्रश्नच येत नाही, आणि तुमचं जिताड्याचं वेळापत्रक त्यांना लावू नका. तरी पहिले काही दिवस टाकीत बारीक प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) भरपूर असू द्या, त्यावर जिरं कोरड्या फीडपेक्षा चांगली वाढतात.