मुलगी फिजिशियन झाली, तर तिच्या संसाराचं काय?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं दापोलीहून आलेलं पत्र वाचलं. लेकीची इंटर्नशिप संपत आलीय, तिला एमडी मेडिसिनच करायचंय, म्हणजे फिजिशियनच व्हायचंय, आणि नेमकं आत्ताच ठाण्याचं चांगलं स्थळ सांगून आलंय. मुलाकडचे म्हणतात, एमबीबीएस झाली, पुरे की. फारच हौस असेल तर स्किन (त्वचारोग) करू दे, म्हणजे घराकडे लक्ष राहील. फिजिशियन बाईचा संसार नीट होतो का, असं तुम्ही विचारलंय.

होतो. पण तिचं काम कसं असतं हे सासरच्या माणसांना लग्नाआधी ठाऊक असावं लागतं. तुमच्या पत्रावरून तिकडे ते कोणालाच ठाऊक दिसत नाही.

मुलगी सरकारी कॉलेजची, म्हणजे एक वर्षाची बंधपत्रित सेवा, सरकारी दवाखान्यातली सक्तीची नोकरी, आहेच. मग नीट पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आणि एमडीची 3 वर्षं. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या पीजी जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे सीट मिरजेला मिळेल, नागपूरला की परराज्यात, हे आज सांगता येत नाही. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटवर, म्हणजे एमडी करणाऱ्या डॉक्टरवर, वॉर्डाचा सगळा भार असतो. नियमाने वर्षाला 20 दिवस रजा. त्यातच गणपती, नणंदेचं लग्न आणि स्वतःचं आजारपण बसवायचं. बाळंतपणाची रजा मिळते, पण शिक्षण तेवढं पुढे ढकललं जातं. म्हणून माझं ठाम मत आहे, पहिल्या वर्षात लग्न नको. साखरपुडा करून मुलगा थांबायला तयार असेल तर उत्तमच.

आता स्किनचं. त्यात रात्रीचे फोन कमी येतात, हे मुलाकडच्यांचं म्हणणं खरं आहे. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोचा ताप, मलेरिया, फुरसं चावलेला शेतकरी, शिवाय मध्यरात्रीचा हार्ट अटॅक, हे सगळं फिजिशियनकडेच येतं. पण जिचा जीव मेडिसिनच्या वॉर्डात रमतो, तिने तीस वर्षं मन मारून दुसरंच काम केलं, तर संध्याकाळी ती घरी कोणत्या चेहऱ्याने येईल? मला याची काळजी जास्त वाटते.

शिवाय मेडिसिन करूनही वाटा असतात. खाली हॉस्पिटल, वर घर असं थाटलं की फोन कधीच बंद ठेवता येत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्गात आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. तिथे शिकवण्याची नोकरी धरली तर ड्युटी वाटून मिळते, आपली रात्र नसेल तेव्हा दुसरं कोणी तरी असतं. मुलं लहान असेपर्यंत नोकरी आणि नंतर स्वतःची प्रॅक्टिस, असंही करता येतं. स्थळाकडच्यांना हे समजावून सांगा.

डॉक्टर जावईच बघावा का, हाही तुमचा प्रश्न. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं विंचूदंशावरचं काम तुम्हाला माहीत असेल. प्राझोसिन हे औषध आणि प्रतिविष यांवरच्या 2011 च्या शोधनिबंधावर त्यांच्यासोबत पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचंही नाव आहे. नवरा-बायको एकाच कामात असले की बरंच काही न सांगता कळतं. तरी तीच अट घालू नका. दोघांच्या नाइट एकाच दिवशी आल्या की मूल आजीकडेच राहतं, आणि आजी दापोलीत! न सांगता कुकर लावणारा, बायकोला उशीर झाला म्हणून तोंड न फुगवणारा इंजिनिअरही चालेल.

तेव्हा एकदा मोठ्यांना बाजूला ठेवून दोघांना बोलू द्या. तिने सरळ विचारावं: सीट नागपूरला मिळाली तर? रात्री दोनला मला जावं लागलं तर बाळाजवळ कोण? गौरी-गणपतीत मी ड्युटीवर असले, तर आईंना काय सांगशील? तो "बघू नंतर" म्हणाला, तर थांबा.

आणि एक. चार पानी पत्रात हा मुलगा तिला आवडलाय की नाही, हे कुठेच नाही. ठाण्याला काहीही कळवण्याआधी तिला ते विचारा.