घंटागाडीवरून पडलेल्या कंत्राटी सफाई कामगाराला भरपाई कोण देणार, नगरपंचायत की कंत्राटदार?

तुम्ही यवतमाळकडच्या नगरपंचायतीत आस्थापना पाहता, म्हणून थेट सांगतो: कामगार कंत्राटी असला तरी नगरपंचायत हात झटकू शकत नाही. काम नगरपंचायतीचं, म्हणून मुख्य मालक या नात्याने भरपाई तिच्याकडे मागता येते. तिने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. हे 1923 च्या भरपाई कायद्यात होतं, सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्येही आहे. फक्त त्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू आहे का, ते आधी पाहा. असेल तर दावा तिकडे जातो.

पाय मोडून तो घरी बसला असेल तर दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या 25 टक्के द्यावे लागतात. मजुरी 12,000 असेल तर 3,000. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. सेवाग्राम किंवा नागपूरला हलवलं असेल तर प्रत्येक बिल जपून ठेवायला सांगा.

खरी अडचण कागदांची. आमच्या भागात हजेरीपटावर नावच नसतं, मजुरी रोख हातात पडते. म्हणून आजच अपघाताची लेखी नोंद करा, मुकादम आणि सोबतच्या कामगारांचे जबाब घ्या, हजेरीची प्रत काढा. आठवड्याने गेलात तर कंत्राटदार म्हणेल, तो माणूस माझा नव्हताच.

‘पाच हजार घे अन् सही कर’ असा कागद कोणी पुढे केला तर कामगाराला सही करू देऊ नका. कायद्याने मिळणारा हक्क अशा कराराने संपत नाही, पण गरीब माणूस तेवढ्यानेच घाबरून गप्प बसतो. दाव्याची मुदत साधारण दोन वर्षं आहे.