चटणी आपली, झणझणीतही आपणच म्हणायचं?

प्रश्न : मी साखर पेठेतला निवृत्त शिक्षक. सोलापूरच्या १९३०च्या मार्शल लॉवर पाच वर्षं खपून पुस्तक लिहिलं, स्वखर्चानं छापलं. त्यात माझ्या आजोबांच्या आठवणीही आहेत. मराठी विकिपीडियावर सोलापूर आणि चार हुतात्म्यांशी संबंधित सहा लेखांत त्याचा संदर्भ दिला. दुसऱ्या दिवशी सगळे काढलेले! कारण काय, तर 'हितसंबंध', म्हणजे पुस्तक माझंच आणि संदर्भ देणाराही मीच. नातू म्हणतो, त्याच्या खात्यावरून परत टाकू. टाकावेत का?

उत्तर : सर, आधी नातवाला थांबवा. कुणी, केव्हा, काय बदललं ते प्रत्येक लेखाच्या 'इतिहास' पानावर राहतं. दोन खाती एकाच पुस्तकासाठी धडपडताना दिसली, की दोन्ही गोत्यात येतात.

मीही चटका खाल्लाय. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवतात त्या नंदीध्वजांवर, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांवर, एका दिवाळी अंकात लिहिलं होतं, ते सिद्धेश्वरावरच्या लेखात संदर्भ म्हणून चिकटवलं. काढलं गेलं. चिडलो. बायको म्हणाली, "शेंगाचटणी आपली आणि झणझणीतही आपणच म्हणायचं?" मग नीट पाहिलं. नंदीध्वज सात असतात, एवढ्या वाक्याला माझा संदर्भ होता. ते इथलं शेंबडं पोरही सांगेल! गरज वाक्याला नव्हती, मला होती.

खुद्द विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी २००५मध्ये विकिपीडियावरच्या स्वतःवरच्या लेखातला, लॅरी सँगर हेही सहसंस्थापक असल्याचा उल्लेख काढला होता. बोभाटा झाल्यावर, असं करायला नको होतं, हे त्यांनीच मान्य केलं.

स्वतःच्या लेखनाचा संदर्भ देणं हा काही गुन्हा नाही. तो विषयाला धरून असावा, त्याचा मारा नसावा. सहा लेख म्हणजे मारा झाला, सर. त्यात पुस्तक स्वखर्चाचं, म्हणजे मजकूर तपासणारं दुसरं कुणी नाही. तुमच्या अभ्यासावर माझा अविश्वास नाही, पण परक्या माणसानं कशावर विसंबायचं?

आता सहापैकी एकच लेख निवडा. त्याच्या चर्चा पानावर लिहा : 'मी या पुस्तकाचा लेखक. अमुक वाक्याला अमुक पानाचा आधार देता येईल का, पाहावं.' आणि मग हात मागे घ्या. निर्णय दुसऱ्याला करू द्या.

आणखी एक. त्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली, यासाठी तुमचं पुस्तक कशाला हवं? तुम्ही स्वतः ज्या छापील साधनांवरून ते लिहिलंत, तीच द्या. तुमचं पुस्तक बाजूला राहील, पण लेख पक्का होईल. आजोबांच्या आठवणी मात्र तिथं घालू नका. त्या एखाद्या इतिहासविषयक नियतकालिकाला पाठवा, संपादकाच्या कात्रीखालून जाऊ द्या.

पुस्तकाची प्रत हिराचंद नेमचंद वाचनालयात दिलीत का? नसेल, तर याच आठवड्यात देऊन या.